सोनारानं कान टोचावे, पण मजुरी कोणाकडून घ्यावी?

माझा मामेभाऊ हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत विभागप्रमुख आहे. हाताखाली सहाशे माणसं. यंदा कंपनीनं त्याला एक्झिक्युटिव्ह कोच नेमून दिला. माझी आई, म्हणजे त्याची आत्या, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत एचआरमध्ये हयात घालवून आता स्वतःच वरिष्ठ अधिकाऱ्यांचं कोचिंग करते. तो तिच्याकडे आला तो सल्ला मागायला नव्हे, भांडायला. दोघांची परवानगी घेऊन ते बोलणं इथे मांडते आहे. मध्येमध्ये मीही तोंड घातलं आहे, कारण हा विषय त्या दोघांपैकी कुणा एकाच्या हाती सोपवून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही.

भाचा: आत्या, सरळ सांग. कोच नेमला म्हणजे माणसाला बाहेर काढायची तयारी सुरू झाली, बरोबर? माझ्या आधी आमच्याकडे दोघांना दिला होता. दोघंही वर्षाच्या आत गेले. फायलीत नोंद राहिली, कंपनीनं सगळे प्रयत्न केले म्हणून.

आत्या: होतं असं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? काही ठिकाणी काढायचं आधी ठरतं आणि कोच नंतर येतो. तसं काम माझ्याकडे आलं की मला लगेच कळतं. साहेब म्हणतात, "बघा, जरा सुधारणा होते का." सुधारणा झाली म्हणजे नेमकं काय दिसायला हवं, असं विचारलं की ते विषय बदलतात. ते काम मी घेत नाही. तुझे साहेब काय म्हणाले?

भाचा: म्हणाले, "तू आमचा हुकमी एक्का आहेस, पण लोक तुला घाबरतात."

आत्या: घाबरतात?

भाचा: मी आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही. तुला माहितेय.

आवाज चढवत नाही हे खरं. लहानपणापासून तो तसाच. पण त्यानं बॅगेतून थ्री-सिक्स्टीचा अहवाल काढून टेबलावर टाकला, तो मी वाचला. या पद्धतीत माणसाबद्दलची एकच प्रश्नावली वरिष्ठांना, बरोबरीच्यांना आणि हाताखालच्यांना निनावी भरायला देतात, आणि त्यानं स्वतःला दिलेले गुण शेजारी छापतात. 'इतरांचं ऐकून घेतो' या ओळीत त्यानं स्वतःला पाचपैकी साडेचार दिले होते. हाताखालच्यांची सरासरी अडीचच्या आसपास होती. शेवटच्या पानावर लोकांनी आपल्या शब्दांत लिहिलेल्या ओळी होत्या. एकानं लिहिलं होतं, 'सर मीटिंगमध्ये प्रश्न विचारतात, पण उत्तर त्यांच्या स्लाइडवर आधीच असतं.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'वाईट बातमी सरांना कच्ची सांगायची नाही, आधी आपसात शिजवून घ्यायची, असं आमच्यात ठरलेलं आहे.' या दुसऱ्या ओळीखाली भावानं पेनानं रेघ मारली होती, इतकी जोरात की कागद फाटला होता.

आत्या: ही ओळ कुणी लिहिली, याचा शोध घेतलास?

भाचा: (थोडं थांबून) पहिले दोन दिवस घेतला. शब्दांवरून अंदाज बांधत होतो. मग माझीच मला लाज वाटली.

आत्या: लाज वाटली हे बरं झालं. शोध सगळेच घेतात. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांतला जवळपास प्रत्येक जण आधी 'कोण?' विचारतो आणि मग 'काय?'कडे वळतो. काही जण 'कोण?'पाशीच अडकतात. त्यांच्या विभागात पुढच्या वर्षी सगळे गुण चांगले येतात, आणि त्यानंतर त्या अहवालाला काडीची किंमत उरत नाही.

भाचा: पण मला यात आणखी एक गोष्ट खटकते. हे मला माझ्या साहेबांनी का सांगू नये? रोज भेटतो आम्ही. आधी निनावी प्रश्नावली, मग बाहेरून आणलेला माणूस, मग त्याची तासावर फी. तूच लहानपणी सांगायचीस ना पारीक आणि राव यांच्याबद्दल?

इथे थोडी माहिती द्यायला हवी. उदय पारीक आणि टी. व्ही. राव हे अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक. १९७५ च्या सुमारास त्यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची एक सबंध व्यवस्था आखली. भारतातल्या खासगी उद्योगात असा स्वतंत्र विभाग उभा राहिला तो तिथून. त्या आराखड्यात कामाचं मूल्यमापन होतं आणि त्याला जोडूनच अभिप्राय आणि समुपदेशन होतं. ते करायचं होतं खुद्द वरिष्ठानं, आपल्या हाताखालच्या माणसासमोर बसून. आईची पिढी या कल्पनेवर वाढली.

आत्या: सांगायचे. आणि अजूनही सांगते, ते काम साहेबाचंच आहे.

भाचा: मग तुझा धंदा म्हणजे साहेबांनी टाळलेलं काम कंत्राटावर देणं.

आत्या: काही वेळा तेच असतं. पण तू वर चढत गेलास की एक अडचण येते आणि ती साहेबाच्या हातात राहत नाही. तुझ्या साहेबांचा बोनस तुझ्या आकड्यांवर आहे. तुझ्या खालच्यांचं प्रमोशन तुझ्या हातात आहे. बरोबरीचे चार जण तू ज्या खुर्चीकडे बघतोस त्याच खुर्चीकडे बघताहेत. घरी सांगावं तर बायको दोन मुलं आणि स्वतःची नोकरी सांभाळून थकलेली. आता यांतला असा एक माणूस दाखव, ज्याला तुझ्या तोंडावर खरं सांगून काही गमवावं लागत नाही.

भाचा: तू.

आत्या: मीही नाही. तुझ्या बापाची बहीण आहे मी. तू नापास झालास तर माझी झोप जाईल. ज्याचा जीव तुझ्या यशापयशात इतका गुंतलाय, तो तुला शांतपणे प्रश्न विचारू शकत नाही, मध्येच उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून मी तुझी कोच कधीच होणार नाही. आत्या म्हणून जेवायला घालीन, आणि आज भांडून घेईन. आपल्याकडे सोनारानं कान टोचावे म्हणतात ते याचसाठी. आईचा हात थरथरतो.

भाचा: ठीक. पण सोनाराला मजुरी कोण देतंय? कंपनी. मग तो माझा सोनार की कंपनीचा?

हाच प्रश्न मला या सगळ्या धंद्याच्या मुळाशी वाटतो. बाकीचे वाद, म्हणजे कोणती पद्धत, कोणतं प्रमाणपत्र, किती बैठका, हे सगळे त्याच्यापुढे किरकोळ आहेत. माणूस जसजसा वर जातो तसतसं खरं त्याच्यापर्यंत पोचेनासं होतं. नेत्याच्या सगळ्या व्यक्तिगत अडचणी, एकटेपणा, उडालेली झोप, चुकीच्या माणसावरचा विश्वास, या एकाच गोष्टीला येऊन मिळतात. कोचचा उपयोग असलाच तर तो हा, की बंद झालेली ती वाट थोडी उघडावी. पण ती वाट उघडणाऱ्या माणसाचे कानच पगार देणाऱ्याकडे लागलेले असतील, तर माणूस त्याच्यापुढेही बातमी शिजवूनच मांडणार. म्हणजे आणखी एक रिव्ह्यू मीटिंग, एवढंच.

आत्या: चांगल्या कोचच्या करारात हे आधीच लिहिलेलं असतं. सुरुवातीला तिघं बसतात, तू, तुझे साहेब आणि कोच. उद्दिष्टं त्या बैठकीत ठरतात, तुझ्यासमोर. त्यानंतर बंद दाराआड जे बोलणं होतं त्यातला शब्दही कंपनीला कळवायचा नसतो. बैठक झाली की नाही, एवढंच कळतं. प्रगती सांगायची तर ती तू स्वतः सांगायचीस. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या आचारसंहितेतही गोपनीयतेवर भर आहे.

भाचा: आचारसंहिता कागदावर. परवा कॅफेटेरियात आमची एचआर हेड सहज म्हणाली, "कोच म्हणत होते, तुम्ही खूप ओपन झालात." सहज! मी कशाबद्दल ओपन झालो, हे तिला काय माहीत?

आत्या: (जरा रागानं) हे चूक आहे. कौतुक असलं तरी चूक. तुझ्या कोचनं असं बोलायला नको होतं, आणि हे तू त्याला तोंडावर सांग. पुढच्या बैठकीत पहिलं वाक्य तेच असू दे.

भाचा: आणि त्याला सांगितलं म्हणून एचआरला पुन्हा कळलं तर?

आत्या: तर तो कोच सोड.

आईला एवढी चिडलेली मी क्वचित बघते. तिच्या मते या व्यवसायात गोपनीयता गेली की शिल्लक काही राहत नाही, बाकीचं कौशल्य दिखाऊ. मला ते पटतं. पण भावानं पुढे जे काढलं त्यावर तिच्यापाशी इतकं ठाम उत्तर नव्हतं.

भाचा: बरं, समजा माणूस प्रामाणिक आहे. त्याला येतं काय? माझा कोच आधी विमा कंपनीत सेल्समध्ये होता. त्यानं एक कोर्स केला. मला रात्री तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. हे मी त्याला सांगितलं तर त्यानं मला 'त्या क्षणी तुझ्या मनात काय चालू असतं' असं विचारलं. आत्या, माझ्या छातीत धडधडतं. हा प्रश्न कोचचा की डॉक्टरचा?

आत्या: डॉक्टरचा. आधी डॉक्टरचा. गेलास?

भाचा: जाईन.

आत्या: जाईन नाही. या आठवड्यात. (माझ्याकडे वळून) तू याला नंबर दे.

आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. कोच म्हणवून घ्यायला असलं काहीच लागत नाही. उद्या सकाळी कुणीही व्हिजिटिंग कार्ड छापून सुरुवात करू शकतो. आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रं आहेत आणि त्यांत कोचिंगच्या तासांची अट आहे. वर सांगितलेल्या फेडरेशनच्या तीन पायऱ्यांना अनुक्रमे १००, ५०० आणि २,५०० तासांचा अनुभव लागतो. पण ती घ्यायची सक्ती कुणावरही नाही. २००२ मध्ये स्टीव्हन बर्ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहून नेमकं याच धोक्यावर बोट ठेवलं होतं. मनाचं शिक्षण नसलेला कोच खोलवरच्या दुखण्याला वागण्यातली किरकोळ खोड समजतो, तिच्यावर झटपट उपाय करतो, आणि दुखणं बळावतं, हा त्याचा मुद्दा. तो स्वतः अधिकाऱ्यांबरोबर काम करणारा माणूस होता, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आहे.

आणि झोप ही लहान गोष्ट नव्हे. अँटोनिओ होर्टा-ओसोरिओ २०११ मध्ये ब्रिटनच्या लॉइड्स बँकेचे प्रमुख झाले. २००८ च्या संकटानंतर सरकारी पैशानं वाचवलेली ही बँक. काही महिन्यांत त्यांची झोप इतकी उडाली की नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्यांना रजेवर जावं लागलं. ही बातमी जाहीर झाली, शेअर घसरला, आता ते परत येत नाहीत असं बोललं गेलं. ते जानेवारी २०१२ मध्ये परतले आणि २०२१ पर्यंत बँकेचे प्रमुख राहिले. पुढे ते या आजारपणाबद्दल उघडपणे बोलत. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी आधी उपचार घेतले आणि खुर्ची काही आठवडे रिकामी ठेवायची लाज बाळगली नाही.

भाचा: आता मोठ्यांची उदाहरणं सांगू नकोस हं, एरिक श्मिटला कोच होता आणि गूगल मोठं झालं वगैरे. आमच्या ट्रेनिंगमध्ये तीच स्लाइड असते.

आत्या: सांगणार नव्हते. पण आता तूच काढलंस तर ऐक. श्मिटचा कोच बिल कॅम्पबेल आधी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच होता, आणि त्या संघाची कामगिरी काही फार चांगली नव्हती. मग तो धंद्यात आला, इन्ट्यूट कंपनीचा प्रमुख झाला. श्मिट गूगलचा प्रमुख म्हणून आल्यावर जॉन डोअर या गुंतवणूकदारानं त्याला कॅम्पबेलची मदत घ्यायला सांगितलं तेव्हा श्मिटला राग आला होता. मला कशाला कोच, असंच त्याला वाटलं. तुझ्यासारखं.

भाचा: आणि मग?

आत्या: मग काय झालं ते तुझ्या स्लाइडवर आहे. स्लाइडवर नसलेली गोष्ट सांगते. कॅम्पबेल गूगलकडून पैसे घ्यायला तयार नव्हता. त्याला गरजच नव्हती. तुझ्या मजुरीच्या प्रश्नाला त्याचं उत्तर हे होतं. मला ते परवडत नाही, बहुतेकांना परवडत नाही. म्हणून कॅम्पबेलला आदर्श म्हणून पुढे करणं मला पटत नाही. तो अपवाद होता. आणि त्याच्यामुळे गूगल मोठं झालं, हे कुणालाही सिद्ध करता येणार नाही.

भाचा: मार्शल गोल्डस्मिथ या कोचचं ऐकलंय मी. तो म्हणे निकाल लागल्यावरच पैसे घेतो.

आत्या: हो. वर्ष-दीड वर्षानं तुझ्या आजूबाजूच्यांना पुन्हा विचारतात, हा बदलला का? ते हो म्हणाले तर फी, नाहीतर नाही. ही पद्धत मला आवडते. त्यात तुझं मत विचारत नाहीत आणि त्याचंही विचारत नाहीत. त्याचं एक निरीक्षण तर तुझ्यासाठीच केल्यासारखं आहे. हाताखालचा माणूस एखादी कल्पना घेऊन येतो. हुशार साहेब तिच्यात लगेच थोडी भर घालतो. कल्पना किंचित सुधारते, पण आता ती साहेबाची झालेली असते आणि त्या माणसाचा तिच्यातला जीव निघून जातो.

भाचा: (बराच वेळ काही बोलला नाही.) मी ते रोज करतो.

आत्या: माहितेय. स्वयंपाकघरात पण करतोस.

यावर तो हसला, आणि भांडणाचा सूर जरा उतरला. मग त्यानं जे विचारलं ते मला त्या दिवसातलं सगळ्यात नेमकं वाटलं.

भाचा: पण बघ, तो कोच मला काम करताना बघतच नाही. महिन्यातून दोनदा दीड तास व्हिडिओ कॉल. मी जे सांगतो तेवढंच त्याला कळतं. आणि मी काय सांगणार? माझीच बाजू.

आत्या: हा तुझा आजचा सगळ्यात चांगला मुद्दा. अतुल गावंडे यांचा लेख वाचलास?

अतुल गावंडे हे बॉस्टनचे सर्जन आणि लेखक. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. गावंड्यांनी २०११ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये एक लेख लिहिला. शस्त्रक्रियेत त्यांची प्रगती थांबल्यासारखी झाली होती. आकडे वाईट नव्हते, पण पुढे सरकत नव्हते. त्यांनी रॉबर्ट ऑस्टीन या निवृत्त सर्जनला, आपल्या एका जुन्या शिक्षकाला, शस्त्रक्रियागृहात येऊन नुसतं बघायला सांगितलं. पहिली शस्त्रक्रिया अगदी सुरळीत झाली. गावंड्यांना वाटलं, यात सांगण्यासारखं काय असणार? ऑस्टीनच्या हातात टिपणांचा कागद भरलेला होता. शस्त्रक्रिया चालू असताना दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता, आणि बराच वेळ गावंडे परावर्तित उजेडात काम करत होते. त्यांचं कोपर अधूनमधून खांद्याच्या उंचीला जात होतं, म्हणजे हातावरचा ताबा कमी होत होता. रुग्णावरच्या चादरी अशा टाकल्या होत्या की सर्जनला मोकळीक होती आणि समोरच्या मदतनिसाला अडचण. यातलं काहीच गावंड्यांना स्वतःहून दिसलं नसतं. दिसलं असतं तर त्यांनी केव्हाच सुधारलं असतं.

भाचा: हे मला पाहिजे. कोपर सांगणारा माणूस. माझ्या मनात डोकावणारा नको.

आत्या: मग माग. गुरुवारच्या रिव्ह्यूला त्याला मागच्या खुर्चीत बसव. तुझ्या लोकांना आधी सांग, हा माणूस तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आलाय. चांगले कोच हे करतात. आळशी कोच करत नाहीत, कारण व्हिडिओ कॉल घरबसल्या होतो.

भाचा: आणि माझे लोक त्याच्यासमोर नाटक करतील.

आत्या: पहिल्या गुरुवारी करतील.

मला इथे वेगळंच आठवत होतं. आमच्या घरात क्रिकेट म्हणजे श्वास, त्यामुळे मी सचिनची गोष्ट काढली. एखाद्या कामातला सर्वोत्तम माणूस त्या कामाचा नायक झाला की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण आपल्यापुढे नाही. २५ कसोटींत कप्तान, त्यांपैकी ४ विजय, ९ पराभव. ३१ मार्च १९९७ ला बार्बाडोसमध्ये जिंकायला १२० धावा हव्या होत्या आणि संघ ८१ वर गडगडला. त्या पराभवानंतर आपण दोन दिवस खोलीत कोंडून घेतलं होतं, असं सचिननं आत्मचरित्रात लिहिलं आहे.

भाचा: पण तेव्हा संघाला कोच होता! आधी मदनलाल, दुसऱ्या खेपेला कपिल देव. कपिलपेक्षा मोठा कोण आणणार तू? म्हणजे कोच असून उपयोग झाला नाही. हा माझ्या बाजूचा पुरावा आहे.

आत्या: ते संघाचे कोच होते. त्या बंद खोलीत कप्तानाशी बोलणारा कोण होता, हे आपल्याला माहीत नाही. कदाचित कुणीच नसेल. ते तुझ्याही बाजूचं नाही आणि माझ्याही. पुढचं बघ. २००८ मध्ये गॅरी कर्स्टन संघाचा कोच म्हणून आला आणि त्यानं पॅडी अप्टनला बरोबर आणलं. अप्टन आधी दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा फिटनेस ट्रेनर. नंतर त्यानं बिझनेस कोचिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. बिझनेस कोचिंग, क्रिकेट कोचिंग नव्हे. त्या दोघांची पद्धत खेळाडूंना विचारायची होती. तुला काय हवंय, तू कशी तयारी करतोस, आम्ही काय करू नये. कर्स्टन सचिनला तासन्‌तास चेंडू टाकत राहायचा आणि त्याचं ऐकायचा. २०११ ला वानखेडेवर कप हातात आला.

भाचा: तेव्हा कप्तान धोनी होता, आत्या. सचिनच्या खांद्यावर ते ओझं नव्हतं. सचिन फुलला याचं कारण त्यानं कप्तानी सोडली होती, हेही असू शकतं. कधी कधी माणसानं खुर्ची सोडावी, हेच बरोबर उत्तर असतं. ते कोणता कोच सांगेल? त्याची फी बंद होईल.

आत्या: मी सांगितलंय. दोघांना. एक जण परत डिझाइनच्या कामाला गेला, पगार कमी घेऊन. कंपनी माझ्यावर नाराज झाली, नंतर मला त्यांच्याकडून काम आलं नाही. पण तो माणूस मला दिवाळीला फोन करतो.

भाचा: मग तू त्याची सोनार होतीस.

मी पुण्यातली आणखी एक गोष्ट मांडली, कारण ती मला वर्षानुवर्षं विसरता आलेली नाही. थरमॅक्सच्या अनू आगा. १९९६ मध्ये पती रोहिंटन आगा गेले आणि त्यांच्याकडे अध्यक्षपद आलं. त्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या, पण इतका मोठा उद्योग चालवायचा अनुभव नव्हता, आणि आपली तुलना पतीशी होते आहे हे ओझं सतत डोक्यावर. वर्षाभरातच तरुण मुलगा अपघातात गेला. पुढच्या काही वर्षांत मंदीनं कंपनीला गाठलं, शेअर चारशेच्या घरातून छत्तीसपर्यंत उतरला. एका भागधारकानं निनावी पत्र पाठवून लिहिलं की तुम्ही आम्हाला निराश केलंत. त्या पत्रानं आपली झोप उडवली, असं त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितलं आहे. मग त्यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपला बोलावलं, संचालक मंडळाची रचना बदलली, मुख्य धंद्यात न बसणारे व्यवसाय बाजूला केले. कंपनी सावरली. २००४ मध्ये त्यांनी मुलगी मेहेर पदमजी यांच्याकडे अध्यक्षपद सोपवलं. आणि या सगळ्या काळात विपश्यनेनं आपल्याला उभं ठेवलं, हेही त्या सांगत आल्या आहेत.

भाचा: म्हणजे कोच नव्हता!

आत्या: नव्हता. निनावी पत्र होतं.

भाचा: माझ्याकडे पण आहे. निनावी ओळ.

आत्या: त्यांनी ते पत्र फाडलं नाही.

माझं स्वतःचं मत मी लपवत नाही. आगांच्या गोष्टीत मला कोचिंगच्या विरोधातला पुरावा दिसत नाही आणि बाजूनंही दिसत नाही. मला दिसतो तो खरं कानावर पडल्यावर ते ऐकण्याचा धीर. त्यांच्या हाताशी तीन वेगवेगळे आधार होते आणि तिघांची कामं वेगळी होती. धंद्यात काय बिघडलंय ते सल्लागारांनी बघितलं. मन सांभाळायला साधना होती. आणि आपण कुठे कमी पडतोय हे सांगायला एक अनोळखी, ज्याला त्यांच्याकडून काहीच नको होतं. आज कंपन्या एकाच कोचच्या माथी ही तिन्ही कामं मारतात, आणि वर त्याच्याकडून अहवाल मागतात. त्यानं आकडे सुधारावेत, झोप परत आणावी, साहेबाच्या मनातलं सांगावं. हे एका माणसाचं काम नव्हे, आणि ते जमत नाही तेव्हा दोष खुर्चीतल्या माणसावर जातो. याचा मला राग येतो. माझ्या भावाच्या छातीतली धडधड हा त्याच्या 'नेतृत्वगुणांचा' प्रश्न नाही. अमेरिकेतल्या ग्राहकांचे रात्री साडेअकराचे कॉल आणि इथली सकाळी साडेआठची स्टँड-अप मीटिंग, यांच्यामध्ये माणसाला झोपायला जागा उरत नाही. तो प्रश्न वेळापत्रकाचा आहे, आणि वेळापत्रक साहेब ठरवतात, हे मी तिथेच बोलून दाखवलं.

भाचा: आता बोललीस! हेच मी म्हणतोय. वरून टार्गेट तेच राहणार, माणसं कमी करणार, आणि मला 'रेझिलियन्स' शिकवणार.

आत्या: आणि मी म्हणतेय, हे तू कधी म्हणालास? माझ्याकडे म्हणालास. साहेबांकडे?

भाचा: त्यांना माहीत आहे.

आत्या: अरे, तुझ्या लोकांनाही वाटतं, तुला माहीत आहे. तू साहेबांना बातमी कच्ची देतोस की शिजवून देतोस?

तो उठून गॅलरीत गेला. आईनं मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं. परत आला तेव्हा आवाज खाली आला होता, पण माघार नव्हती.

भाचा: शिजवून देतो. सगळेच देतात. कच्ची देणाऱ्याचं काय होतं ते आम्ही बघितलंय.

आत्या: मग बघ, तुझ्या खालच्यांनीही तेच बघितलंय. आता करायचं ते सांगते. तिघांची बैठक पुन्हा मागून घे. उद्दिष्टात 'लोकांचं ऐकणं' लिहिलंय ना? त्याच कागदावर रात्रीच्या कॉलची पाळी लावणंही लिहून घे. कोचसमोर. गोपनीयतेचं लेखी घे. गुरुवारी त्याला बसव. आणि डॉक्टर.

भाचा: बरं, आणि एक. माझ्या खाली चाळीस टीम लीड आहेत. पंचविशी-तिशीतली पोरं. काल मित्र होते, आज त्यांच्याच मित्रांचं अप्रेझल लिहितात. त्यांना माझ्यापेक्षा जास्त त्रास होतो, आणि त्यांना कुणी कोच देत नाही. तो फक्त वरच्यांना. हे कुठल्या न्यायानं?

आत्या: न्यायानं नाहीच. पैशांच्या हिशेबानं. त्यांच्यासाठीच पारीक आणि राव यांनी साहेबाला समोर बसवलं होतं. तू तेच कर. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास, लॅपटॉप बंद.

भाचा: चाळीस लोक, अर्धा अर्धा तास. कॅलेंडर बघ माझं. होणार नाही.

आत्या: सगळ्यांशी तू कशाला? तुझ्याखाली पाच मॅनेजर आहेत ना? पाचांशी तू, आणि प्रत्येकानं आपल्या आठांशी. आणि त्या पाचांना हे शिकवायला माणूस लागेल. तुझ्या कोचच्या बैठका निम्म्या कर आणि तो पैसा तिकडे माग.

भाचा: साहेब कधीच मंजूर करणार नाहीत. बजेट माझ्या नावावर आहे, 'सीनियर लीडरशिप' या हेडखाली.

आत्या: नाही म्हणू देत ना. फक्त मेलवर विचारू नकोस. त्या तिघांच्या बैठकीत विचार, म्हणजे त्यांना जे म्हणायचंय ते कोचच्या समोर म्हणावं लागेल.